टिपूला एकच भाषा द्या

या महिन्यात छोट्या टेरियर कुत्र्यांबद्दल इतकी पत्रं आली की मांजरं आणि पोपटवाल्यांची पुढच्या अंकात घेते, रागावू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून विचारणा आहे. पहिलं पत्र मोठं आहे, ते जवळजवळ पूर्ण देतेय कारण त्यात जे चाललंय ते मला बऱ्याच घरांत बघायला मिळतं, आणि बाकीच्यांचे अर्धे प्रश्न त्याच्या उत्तरातच सुटतील असं वाटतं.

प्रश्न : ताई नमस्कार, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. घरात सासूबाई, मी, मिस्टर, दोन मुलं (मुलगा ११, मुलगी ६) आणि आता टिपू. टिपू पाच महिन्यांचा आहे, पांढरा, कानाजवळ तपकिरी, दिराने पुण्याहून आणून दिला, जॅक रसेल टेरियर आहे म्हणे. दिसायला एवढासा पण घर डोक्यावर घेतलंय. तुळशीजवळची माती रोज उकरतो, दूधवाला आला की भुंकून भुंकून जीव काढतो, मुलगी पळाली की तिच्या टाचा धरतो, दोन फ्रॉक फाडले, कोणी आलं की अंगावर उड्या. सू कुठेही, एकदा देवघरासमोर केली तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आम्ही सगळे त्याला शिकवतो, मिस्टर कम, सिट, नो म्हणतात, मुलं इकडे ये म्हणतात, सासूबाई आपल्या अहिराणीत आठे ये, बठ म्हणतात, तरी ऐकत नाही. मिस्टर पेपरची गुंडाळी करून मारतात तर आता त्यांना बघून पलंगाखाली जातो आणि परवा तिथून गुरगुरला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलांना घेऊन येणार, तीन आठवडे राहिलेत. मिस्टर म्हणतात मळ्यात सालदाराकडे देऊन टाकू. मला तो द्यायचा नाहीये ताई. तो वाईट नाहीये, रात्री माझ्या पायाशी येऊन झोपतो. काय करू?

उत्तर : ताई, टिपूला कुठेही देऊ नका. पाच महिने म्हणजे अजून लेकरूच आहे ते, आणि तुम्ही जे जे लिहिलंय त्यात मला एकही खोड अशी दिसली नाही जी सुटणार नाही. तीन आठवड्यांत सगळं होणार नाही हे खरं, पण आखाजीपुरतं घर सांभाळता येईल इतकं नक्की होईल.

आधी टिपू कोण आहे ते समजून घ्या, मिस्टरांनाही वाचून दाखवा. टेरियर हा शब्द लॅटिनमधल्या जमिनीच्या शब्दावरून आलाय. इंग्लंडमध्ये हे कुत्रे कोल्ह्याच्या, उंदराच्या बिळात शिरायला तयार केले. जॅक रसेल हे तिथल्या डेव्हन भागातले एक पाद्री, त्यांनी १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली आणि तिच्यापासून ही जात पुढे वाढवली. या कुत्र्याचं काम काय, तर बिळात शिरायचं, कोल्ह्यासमोर उभं राहून सारखं भुंकायचं, म्हणजे वरच्या माणसांना आवाजावरून कळतं की कुठे खणायचं. मधेच गप्प बसणारा कुत्रा त्या कामाला बिनकामाचा. म्हणजे उकरणं, भुंकणं, पळणाऱ्याच्या मागे लागणं, धरलं की न सोडणं, ज्यासाठी टिपू मार खातोय त्या सगळ्यासाठी त्याच्या पणज्या-खापरपणज्यांना शाबासकी मिळालीये. हे त्याच्या रक्तातलं काम आहे, ते मारून जाणार नाही, पण त्या कामाला घरात जागा करून दिली तर तो शांत होतो, हे मी माझ्या स्वतःच्या दोन टेरियरवर बघितलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पत्रातलं ते कम, इकडे ये आणि आठे ये मी तीनदा वाचलं. टिपूला आपली भाषा येत नाही, त्याला आवाज ओळखू येतात. एकाच गोष्टीला तीन आवाज, आणि बसायला परत सिट, बस, बठ असे तीन, म्हणजे ज्या वयात त्याला चार शब्द पक्के व्हायला पाहिजेत त्या वयात आपण त्याला बारा शब्द देतोय आणि वर म्हणतोय ऐकत नाही. आज संध्याकाळी सगळे एकत्र बसा आणि ठरवा. माझं मत विचाराल तर सासूबाईंचे शब्द घ्या. दिवसभर घरात त्या असतात, त्यांना या वयात कम आणि सिट म्हणायला लावण्यापेक्षा तुम्ही चौघांनी आठे आणि बठ म्हणणं सोपं आहे, शब्द छोटे आहेत, एकमेकांपेक्षा वेगळे ऐकू येतात. आणि दुसरं एक होईल, टिपू ज्या दिवशी त्यांच्या एका शब्दावर बसेल त्या दिवसापासून तो त्यांचाही होईल. देवघरासमोरचा राग तिथेच जाईल बघा.

चार शब्द पुरे. आठे म्हणजे ये, बठ म्हणजे बस, सोड, आणि जागेवर. नो नको, कारण घरात आपण मुलांना, एकमेकांना, फोनवर दिवसभर नको नाही नो म्हणत असतो, त्याला त्यातलं कोणतं आपल्यासाठी हे कळत नाही.

शिकवायचं कसं, तर उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या (मीठ, तिखट, लसूण काही नको), तुकडा नाकाजवळून हळूहळू डोक्यावरून मागे न्या, मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं त्या क्षणी हां म्हणा आणि तुकडा द्या. पहिले दोन दिवस शब्द म्हणूच नका. तो आपणहून बसायला लागला की मग बसण्याच्या जरा आधी बठ म्हणा. हां हा शब्द सगळ्यांनी एकाच सुरात म्हणायचा, तो म्हणजे पावती, बरोबर केलंस, खाऊ येतोय. शाबासकी एक-दोन सेकंदात मिळाली तर त्याला कळतं कशासाठी मिळाली, तुम्ही डबा शोधेपर्यंत तो उठून उभा राहिला असेल तर त्याला वाटतं उभं राहण्यासाठी मिळाली. एका वेळेला तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, बस. टेरियरला एकच गोष्ट वीस मिनिटं करायला लावली तर तो कंटाळतो आणि आपल्याला वाटतं हट्टी आहे. आणि हे खाऊचे तुकडे त्याच्या जेवणातून वजा करा, दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर खाऊ जायला नको, सहा-सात किलोच्या कुत्र्याला वजन चढायला वेळ लागत नाही.

पेपरची गुंडाळी आजपासून बंद. मी मिस्टरांना दोष देत नाही, आपल्याकडे कुत्र्याला असंच वळण लावतात हे सगळ्यांनी बघितलेलं असतं, त्यांनीही तेच केलं. पण बघा ना, मारून काय शिकला तो? सू करायची नाही हे नाही शिकला, या माणसासमोर करायची नाही एवढं शिकला, आणि गुंडाळी दिसली की पलंगाखाली जायचं. तिथून गुरगुरला म्हणजे तो सांगतोय की मला भीती वाटतेय, अजून जवळ येऊ नका. गुरगुरण्यासाठी कुत्र्याला कधीच मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, भीती तशीच राहते, मग एक दिवस न गुरगुरता सरळ चावतो आणि लोक म्हणतात अचानक चावला. मिस्टरांनी पुढचे दहा दिवस टिपूच्या जेवणाची वाटी स्वतःच्या हाताने भरायची. पलंगाखालून ओढून काढायचं नाही, जमिनीवर बाजूला तोंड करून बसायचं, जवळ एक तुकडा टाकायचा, तो आला तर आला, नाही आला तर उठून जायचं. येईल तो. कुत्रं फार लवकर माफ करतं.

सू-शीचं. पाच महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर दोन-अडीच तासांनी बाहेर न्यायचं, शिवाय झोपेतून उठलं की, जेवलं की आणि खेळून झालं की लगेच. रोज त्याच जागी न्या, दोराने धरून उभं राहा, बोलू नका, झाली की तिथेच हां आणि तुकडा, घरात आल्यावर नाही. घरात केलेली नंतर दिसली तर त्याला नेऊन नाक घासू नका, त्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. करताना दिसला तर उचलून बाहेर न्या आणि बाहेर पूर्ण झाली की शाबासकी द्या. पुसायला फिनेल वापरत असाल तर थांबवा, पाय चाटताना ते पोटात जातं. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून. वास राहिला की कुत्रं परत तिथेच करतं, देवघरासमोर परत केली असती तर त्याचं कारण हे. आणि देवघराच्या खोलीला सध्या एक फळी आडवी लावा. सासूबाईंची शिवाशिव, सोवळं जे असेल ते पाळलं जावं, त्यांनाही घरात निवांत वाटलं पाहिजे.

चावणं. चार ते सात महिन्यांत दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात. जुन्या सुती फडक्याला गाठी मारा, ओलं करून फ्रीजरमध्ये ठेवा, ते द्या चावायला. मुलीला एक खेळ शिकवा, झाड व्हायचा. टिपू मागे लागला की जागेवर उभं राहायचं, हात छातीशी, तोंड वर, ओरडायचं नाही. पळणारी, किंचाळणारी गोष्ट म्हणजे त्याच्यासाठी उंदीर, थांबली की त्यातली मजा गेली. सहा वर्षांच्या मुलीला हे एकटीने जमणार नाही, सुरुवातीला तुम्ही शेजारी असा. आणि मुलं आणि टिपू यांना मोठं माणूस नसताना एकत्र सोडू नका, तो कितीही गुणी झाला तरी.

उकरणं बंद करू नका, जागा बदला. वाड्यात कोपऱ्यात तीन बाय चार फुटाचा वाफा करा, आपली काळी माती नको, ती पावसाळ्यात चिकटते आणि आता उन्हाळ्यात दगड होते, वाळू टाका. त्यात त्याच्यासमोर एक चेंडू, दोन-तीन तुकडे पुरा आणि म्हणा शोध. तुळशीजवळ उकरताना दिसला की ओरडायचं नाही, उचलून इथे आणायचा. तुळशीभोवती महिनाभर विटा लावून ठेवा. शिवाय रोज एक वेळचं जेवण वाटीत देऊच नका, धुतलेलं जुनं बारदान घ्या, त्याच्या घड्यांमध्ये खाऊ लपवा आणि गुंडाळून द्या. वीस मिनिटं नाकाने काम केलेला टेरियर तासभर पळालेल्या टेरियरसारखा झोपतो. पळवायचं पण आहेच, या जातीला दिवसाला तासभर तरी व्यायाम लागतो, सकाळ-संध्याकाळ मिळून.

दूधवाला. टिपूच्या बाजूने बघा, रोज एक माणूस येतो, मी भुंकतो, तो जातो. म्हणजे मीच घालवला. रोज जिंकतोय तो, का थांबेल? रशियातले पाव्हलोव्ह, ज्यांना १९०४ चं नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं, त्यांच्या लक्षात आलं होतं की खाणं येण्याआधीची खूण कळली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तेच वापरायचं. दुधाच्या गाडीचा आवाज लांबून आला, टिपूचे कान उभे राहिले, अजून भुंकला नाही, त्या वेळेला तुकडे सुरू करायचे, गाडी गेली की तुकडे बंद. गेटपासून लांब, आतल्या खोलीत दोर लावून करा. आठ-दहा दिवसांनी तो गाडी ऐकली की गेटकडे न जाता तुमच्या तोंडाकडे बघेल. तेवढं झालं की गेटच्या जवळ सरकत जा. दूधवाल्या भाऊंना सांगून ठेवा की त्यांनी त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही.

आता आखाजी. नणंदा येतील, अंगणात झोका बांधला जाईल, पोरं ओरडणार, झोका म्हणजे हलणारी वस्तू, टिपू पिसाळल्यासारखा धावणार हे धरूनच चाला आणि झोक्याच्या वेळेला तो बांधलेला किंवा आत असू दे. आतल्या शांत खोलीत त्याचं अंथरूण आत्तापासून लावा, तिथेच जेवण, तिथेच बारदान, तिथे गेला की हां, हीच त्याची जागेवर. तीन आठवड्यांत त्याला ती खोली आवडायला लागली पाहिजे, पाहुणे आल्यावर पहिल्यांदा कोंडलं तर त्याला ती शिक्षा वाटेल. पाहुणे आले की आधी दोर लावून बाहेर फिरवून आणा, मग घरात. उडी मारली की ज्याच्यावर मारली त्याने वळून पाठ करायची, बोलायचं नाही, हाताने ढकलायचं पण नाही, ढकलणं त्याला खेळ वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकले की हात लावायचा. नणंदांना आधीच फोनवर सांगा, कारण दहा जणांनी नियम पाळला आणि एका भाच्याने उडी मारल्यावर कुरवाळलं तर टिपू त्या भाच्याचंच ऐकणार.

आणि खाण्याचं बघा. आमरसाच्या दिवसात कोयी कुठेही पडलेल्या असतात, एवढ्या लहान कुत्र्याच्या आतड्यात कोय अडकली तर ऑपरेशनशिवाय पर्याय राहत नाही. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट यातलं काही द्यायचं नाही. खापरावरच्या मांड्याचा कोपरा सासूबाई प्रेमाने देतील तर तूप आणि गोड थोडंच असू दे, तेवढ्यासाठी त्यांच्याशी भांडू नका.

लसींचं तुम्ही काही लिहिलं नाही. पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीज, कार्ड घेऊन डॉक्टरकडे जाऊन बघा काय राहिलंय, पाहुण्यांची मुलं येण्याआधी. कधी दात लागलाच, कोणाचाही, तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, घरचा कुत्रा आहे म्हणून थांबायचं नाही. रेबीज झाला की माणूस वाचत नाही.

आखाजी झाली की मला परत लिहा, मी वाट बघतेय.

प्रश्न : रावेर तालुका, केळीचा शेतकरी. आमच्याकडे टेरियर क्रॉस कुत्री आहे, राणी, दीड वर्षाची. घुशी आणि उंदीर मारण्यात एक नंबर. पण बागेत सोडली की दोन-दोन तास येत नाही, हाक मारली की बघते आणि अजून लांब जाते. ठिबकच्या नळ्या फोडते. आणि मागच्या महिन्यात सापावर धावली, थोडक्यात वाचली. बांधून ठेवू का कायमची?

उत्तर : भाऊ, कायमची बांधू नका, बांधलेला टेरियर भुंकून आणि स्वतःचे पाय चावून वेडा होतो. पण हाकेला येत नाही तोपर्यंत मोकळीही सोडू नका.

राणी का येत नाही ते मी सांगू? तुम्ही तिला हाक कधी मारता, घरी निघायच्या वेळेला. म्हणजे आली की मजा संपली, साखळी लागली, कधी उशीर झाला म्हणून दोन शिव्या पण पडल्या असतील. कासऱ्यासारखा पण हलका दहा मीटरचा सुती दोर घ्या, गळपट्ट्याला नको, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा, मानेला झटका बसत नाही. दोर जमिनीवर सोडून तिला फिरू द्या, एकदा हाक मारा, एकदाच, नाही आली तर दोर हळू गुंडाळत या, आली की चिकनचा तुकडा आणि लगेच परत जा म्हणून सोडा. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा परत सोडायची. म्हणजे हाक आली तर मजा संपत नाही हे तिला पटतं. उशिरा आली तरी कधीच रागवायचं नाही, आली हीच गोष्ट मोठी. दोन-तीन महिने दोर काढू नका, आठ दिवसांत छान यायला लागली म्हणून लोक दोर काढतात आणि सगळं परत पहिल्यापासून.

सापाचं मला खरंच काळजीचं वाटतं. केळीच्या बागेत ओलावा आणि गारवा, त्यात उंदीर, म्हणजे साप येणारच, आणि टेरियर माघार घेत नाही, ते त्याच्यात नाहीच. तिला गवत माजलेल्या बांधावर, पाचटाच्या ढिगाजवळ सोडू नका, अंधारात तर अजिबात नाही. सोड हा शब्द इतका पक्का करा की तोंडातला उंदीरही टाकेल, सुरुवात उंदरापासून नको, फडक्यापासून करा, फडकं सोडलं की चिकन, मग हाडाच्या बदल्यात चिकन, असं वाढवत न्या. चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, कुठला पाला लावत बसू नका, तिला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि डॉक्टरला निघतानाच फोन करा म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे की नाही ते आधी कळेल. गावाजवळ कोणाकडे ते मिळतं हे आजच विचारून ठेवा, त्या वेळेला शोधत फिरायला वेळ नसतो.

अजून एक जे तुम्ही विचारलं नाही. शेतात कोणी उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा दुसरं औषध टाकलं असेल तर राणी ते औषध किंवा ते खाऊन मेलेला उंदीर तोंडात घेऊ शकते. शेजाऱ्याच्या शेतातही विचारा. जिथे औषध तिथे राणी नाही. उंदरांपासून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, त्याची लस दरवर्षी द्या. आठवड्यातून एकदा कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, ताप, मरगळ, नाकातून रक्त दिसलं तर गोचीडतापाची तपासणी लगेच.

ठिबकच्या नळ्या ती बहुतेक कंटाळून किंवा पाण्यासाठी फोडत असेल, सावलीत पाण्याचं भांडं ठेवून बघा आधी.

प्रश्न : भुसावळ. आमची यॉर्कशायर टेरियर चार वर्षांची आहे. उन्हाळ्यात केस पूर्ण काढून टाकावेत का? आणि दुपारी चारला फिरवलं तर चालेल का, आम्हाला तीच वेळ मिळते.

उत्तर : चारला नाही, अजिबात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, डांबर तर त्याहून कितीतरी तापतं, आणि ही तीन किलोची पोर जमिनीपासून जेमतेम वीतभर वर चालते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, टेकवता आली नाही तर तिचे पायही टेकायला नकोत. पहाटे साडेपाच किंवा रात्री नऊनंतर न्या. दिवसा घरात कूलरसमोर, माठातलं पाणी, आणि व्यायामाऐवजी वर सांगितलेला बारदानाचा खेळ.

केस तासून काढू नका, कातडी उन्हात उघडी पडते, कात्रीने इंचभर ठेवून कापा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच गार होतं. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट, हिरड्या गडद लाल, चालताना झोकांड्या, असं दिसलं की साध्या पाण्याने पोट, मांड्या, पंजे ओले करा, पंखा लावा, बर्फ नको, आणि तसेच ओल्या अंगाने दवाखान्यात न्या. वाट बघू नका, लहान कुत्रं अर्ध्या तासात जातं.

प्रश्न : आम्ही दोघं चाळीसगावला फ्लॅटमध्ये राहतो, दोघांची नोकरी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घर बंद. छोटं आहे म्हणून टेरियर घ्यावा असं वाटतंय. योग्य राहील का?

उत्तर : सध्या घेऊ नका. तुम्हाला वाईट वाटेल पण मी खरं सांगतेय. आकार छोटा म्हणजे गरज छोटी असं नसतं, दहा तास एकटा राहिलेला टेरियर दार खरवडतो, शेजारी तक्रार करतात आणि सहा महिन्यांनी तो कुत्रा कोणाच्या तरी मळ्यात साखळीला असतो, अशी दोन कुत्री मी स्वतः सोडवून आणलीयेत. दुपारी घरी येणारं कोणी असेल, आई-वडील राहायला येणार असतील तर परत विचार करा. घेतलंच तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून घेऊ नका, आणि पिल्लाची आई समोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तीन ते चौदा आठवडे हे वय असं असतं की त्यात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं त्याची त्याला पुढे भीती वाटत नाही, मिक्सर, रिक्षा, म्हातारी माणसं, छत्री, सगळं त्या वयात दाखवावं लागतं आणि त्यासाठी घरात माणूस लागतं.

प्रश्न : मी नंदुरबारचा, वय ७१, मुलं बाहेरगावी. घरात मी आणि फॉक्स टेरियर, मोती. मी मंदिरात गेलो तरी रडून कॉलनी गोळा करतो. आता मीच बाहेर जाणं सोडलंय.

उत्तर : काका, बाहेर जाणं सोडू नका हो. तुम्ही जितके घरात राहाल तितकं मोतीला एकटं राहणं अवघड होईल. निघताना त्याची समजूत काढू नका, येतो रे बाळा करत दारात थांबू नका, त्याने त्याला कळतं की काहीतरी मोठं घडतंय. चपला घाला आणि परत खुर्चीत बसा, दिवसातून दहा वेळा, चपलांची भीती जाऊ द्या. मग दाराबाहेर दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, तो रडायच्या आत परत यायचं, रडताना आत आलात तर तो म्हणेल रडलं की काका येतात. जाताना बारदानात खाऊ गुंडाळून ठेवा, तो फक्त तुम्ही नसतानाच मिळाला पाहिजे. आत आल्यावर पाच मिनिटं शांत, मग लाड. हे सरायला महिना-दीड महिना लागतो, तेवढे दिवस शेजारचं कोणी मोतीजवळ बसलं तर मंदिरही चुकणार नाही. आणि सगळं करूनही तोंडातून फेस येईपर्यंत रडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर औषधं आहेत, ती द्यायला संकोच करू नका.

प्रश्न : मी आठवीत आहे, धुळे. आमच्या चिकूला (टेरियर, १० महिने) शेकहॅण्ड शिकवायचंय. आणि शेवभाजीतली शेव दिली तर चालते का? त्याला खूप आवडते.

उत्तर : बाळा, शेव नको, त्यात तिखट आणि मीठ खूप असतं, रस्स्यात कांदा-लसूण, चिकूचं रक्त त्याने खराब होतं. केळ्याचे छोटे काप दे, गाजर दे, काकडी दे, धुळ्यात केळी काही महाग नाहीत. भरताच्या पार्टीला नेलंस तर वांग्याचं भरीत पण नाही, त्यात हिरवी मिरची आणि लसूण असतो.

शेकहॅण्डसाठी केळ्याचा काप मुठीत झाक आणि मूठ त्याच्या छातीएवढ्या उंचीवर धर. तो हुंगेल, चाटेल, काही करू नकोस. कंटाळून पंजा मारेल, मारला की हां म्हण आणि मूठ उघड. टेरियर पंजा मारतोच, फार वेळ लागणार नाही. पाच-सहा वेळा झालं की रिकामा तळहात पुढे कर आणि काप दुसऱ्या हातातून दे. पंजा ओढून हातात घ्यायचा नाही, त्यांना ते आवडत नाही. चिकूने पहिल्यांदा केलं की तिथेच थांब, त्या दिवशी परत करायला लावू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आलीस की पाच मिनिटं परत.